मागणीची सभा

सभागृहात चौतीस माणसं होती. मागच्या तीन रांगांत पॉलिटेक्निकचे वीस विद्यार्थी, हजेरी मिळणार म्हणून आलेले. एक वार्ताहर. दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी घेऊन, रामलिंग वसाहतीतल्या बालवाडीच्या म्हेत्रेबाई. एक मी. आणि व्यासपीठ धरून पुढच्या बाजूला शाखेचे अकरा पूर्ण सदस्य. छताला तीन पंखे, त्यातला मधला बंद. भिंतीवर एकच फोटो, चंदनाच्या हारातला, कै. आबासाहेब मुळावकरांचा. सभागृहाला नावही त्यांचंच होतं.

मानद सचिव तांबोळी रांगांवरून बोट फिरवत गेले. चौतीस माणसांतली त्यांनी अकराच मोजली.

"अकरा. कोरम झाला."

"काठावर पास," अध्यक्ष देशमाने म्हणाले आणि पुढच्या रांगेत हसू पसरलं.

पहिल्या रांगेतून खरवंडीकर सरांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. सगळं ठीक आहे, असा त्याचा अर्थ मी घेतला.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. भूशास्त्रात एम.एस्सी. करून एका खासगी माती-परीक्षण प्रयोगशाळेत लागले होते. लोक पायाची माती पोत्यात भरून आणायचे. आम्ही ती वाळवायचो, चाळायचो, दाबून बघायचो आणि तिच्यावर किती वजन ठेवता येईल ते सांगायचो. सदानंद खरवंडीकर आठवड्यातून दोनदा तिथं सल्लागार म्हणून यायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उंच, कायम इस्त्रीच्या शर्टात. चहाची बशी मात्र ते दोन्ही हातांनी धरायचे. एका हातात ती वाजायची.

अभियंत्यांच्या संस्थेत मला त्यांनीच आणलं. संस्था कशी चालते ते त्यांनी मला प्रयोगशाळेतल्या चाळण्या एकावर एक रचून दाखवलं होतं.

"ही वरची जाड भोकांची. विद्यार्थी सदस्य. कुणीही येतो. ही मधली, सहयोगी सदस्य. आणि ही खालची, बारीक. हिच्यातून जे खाली पडतं ते पूर्ण सदस्य. मत त्यांना, कोरम त्यांचा, कार्यकारिणी त्यांच्यातून."

"मी कुठल्या चाळणीवर, सर?"

"मधल्या. बोलू शकतेस, अध्यक्षांनी परवानगी दिली तर. मोजणीत येत नाहीस."

"इंजिनिअर नाही म्हणून?"

"म्हणून काही नाही. पाया मातीवरच असतो. तुझा पूर्ण सदस्यत्वाचा अर्ज मी घालतो कार्यकारिणीपुढं."

आमची शाखा तीन जिल्ह्यांची होती. वर केंद्रीय मंडळ, खाली तालुक्याच्या गावांतली उपकेंद्रं. नऊ जणांची कार्यकारिणी, तीन उपसमित्या. अध्यक्ष एका वर्षी सरकारी खात्यातला, दुसऱ्या वर्षी खासगीतला. हे लिहिलेलं कुठंच नव्हतं, पण कधी मोडलंही नव्हतं. खरवंडीकर स्वतः अध्यक्ष कधी झाले नाहीत. ते तांत्रिक उपसमितीचे प्रमुख होते आणि शाखेची नियमावली त्यांनी लिहिलेली होती. अडलं की सगळे त्यांनाच विचारायचे. मीही.

रामलिंग वसाहतीत मी पहिल्यांदा गेले ते बालवाडीच्या कुंपणासाठी मातीचा नमुना आणायला. बालवाडीची खोली पाण्याच्या उंच टाकीच्या उत्तरेला, इतकी जवळ, की सकाळच्या वेळी मुलं टाकीच्या सावलीतच बसलेली असायची. एप्रिलमधल्यासारखं ऊन असताना टाकीच्या उत्तरेच्या खांबाशी काळी माती ओली होती. दक्षिणेच्या खांबाशी त्याच मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. मी वर पाहिलं तेव्हा मला टाकी सरळ वाटली नाही. पण वाटणं म्हणजे काही मोजणं नव्हे.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मोजू या."

त्यांनी घरचा थिओडोलाइट, कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, आणला. तीन पायांच्या तिकाटण्यावर त्यांनीच बसवला. पण दुर्बिणीला डोळा लावून बारीक स्क्रू फिरवायची वेळ आली तेव्हा बाजूला झाले. "तूच घे. तुझी नजर ताजी आहे." टाकीची वरची कड दुर्बिणीतल्या उभ्या तारेवर धरायची, दुर्बीण तशीच खाली आणायची, आणि खांबाच्या तळाशी आडव्या धरलेल्या पट्टीवर तार कुठं येते ते वाचायचं. सरांनी पट्टी धरली. मी वाचलं. उत्तरेकडं अठ्ठावन्न मिलिमीटर.

तो ऑक्टोबर होता. फेब्रुवारीत पुन्हा मोजलं. सहासष्ट.

"वाढतंय," मी म्हणाले.

"हं," सर म्हणाले आणि पट्टी रुमालानं पुसून ठेवली.

नगरपालिकेच्या पाणीपुरवठा अभियंत्याकडं मी एकटीच गेले. तो सरळ माणूस होता. म्हणाला, "मॅडम, तुमचा आकडा बरोबर असेल. पण वरचे विचारणार, सांगितलं कुणी? टाकीचे नकाशेसुद्धा आमच्याकडं सापडत नाहीत. तुमच्या शाखेचं लेखी मत आणा. दुसऱ्या दिवशी टाकी अर्ध्यावर आणतो आणि बालवाडी हलवतो. शब्द देतो."

शाखेचं मत द्यायचं तर सदस्यांच्या सभेत मतदान व्हायला हवं. मासिक सभा पुढच्याच आठवड्यात होती. मी सरांना म्हणाले, त्यात विषय घालू.

"मासिक सभेत विषय सतरा असतात," ते म्हणाले. "सहलीचा विषय, मग हा विषय, मग दिव्यांचा. हसण्यावारी जाईल. मागणीची सभा बोलाव."

"म्हणजे?"

"सात पूर्ण सदस्यांच्या सह्या घेऊन मागायची सभा. अध्यक्षांना बोलवावीच लागते. विषय एकच. त्याला वजन येतं, केतकी."

पहिली सही त्यांनी केली. बाकीच्या सहांसाठी मी तीन जिल्हे फिरले. सगळ्यात लांबची सही हत्तुरेकाकांची. निवृत्त उपअभियंता, तालुक्याच्या गावी द्राक्षाची बाग. त्यांनी कागद हातात धरला आणि बराच वेळ नुसता वाचत राहिले.

"रामलिंगची टाकी व्हय," ते म्हणाले. "खरवंडीकरची सही हाय का यात?"

"पहिली त्यांचीच आहे."

त्यांनी पुन्हा बघितलं. "मग आण पेन. आणि पोरी, आडनाव डोईफोडे आणि भिडतेस टाकीला. जपून."

परत आल्यावर मी सरांना माझ्या अर्जाचं विचारलं. "ठेवतो कार्यकारिणीपुढं," ते म्हणाले. "आधी सभा होऊ दे."

तर ही ती सभा होती.

अध्यक्षांनी मला बोलायची परवानगी दिली. मी फळ्यावर टाकीचे सहा खांब काढले, ओल कुठं आहे ते दाखवलं, दोन्ही आकडे लिहिले. काळी माती पाण्यानं कशी मऊ पडते ते विद्यार्थ्यांसाठी सांगितलं. धोका किती, हे मी सांगितलं नाही, कारण ते मला माहीत नव्हतं. मागणी एवढीच होती: पुढची तपासणी होईपर्यंत टाकी अर्धी भरावी आणि बालवाडी उत्तरेच्या बाजूनं हलवावी.

"मुलं किती आहेत?" देशमान्यांनी विचारलं.

"पंचवीस," म्हेत्रेबाई दारातून म्हणाल्या. "थंडीत सत्तावीस असतात."

"थंडीत का वाढतात?"

"उन्हाळ्यात गावाला जातात की साहेब. मामाकडं."

लोक हसले. वातावरण चांगलं होतं. हत्तुरेकाका म्हणाले, यात वाद घालण्यासारखं काय आहे, अर्ध्या टाकीनं कुणी तहानेनं मरत नाही. आणखी दोघांनी मान डोलावली. मी मनातल्या मनात मतं मोजली. नऊ तरी पडणार होती.

"चला, मतदान घेऊ," देशमाने म्हणाले.

शाखेचा एक रिवाज होता. मतदानाच्या आधी समोरच्या कॅंटीनला चहा सांगायचा, म्हणजे मतदान संपेपर्यंत तो येतो. चहा सांगायला वर्षानुवर्षं खरवंडीकर सरच जायचे; साखर कुणाला नको ते त्यांना पाठ होतं. ते उठले. माझ्या रांगेशी आले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हलकेच हात ठेवला. "छान मांडलंस," ते म्हणाले, आणि बाहेर गेले.

रिवाज आणखी एक होता. मोजणी दोनदा व्हायची, सुरुवातीला आणि मतदानाच्या आधी.

तांबोळी उठले. "दहा. सर येऊ देत."

आम्ही थांबलो. विद्यार्थ्यांतल्या कुणीतरी बंद पंख्याकडं कागदाचा बाण मारला. चहा आला. कॅंटीनच्या माणसानं ट्रे टेबलावर ठेवला. बिनसाखरेचे तीन पेले वेगळे, बरोबर.

"खरवंडीकर साहेब कुठं आहेत?" तांबोळींनी विचारलं.

"सांगून गेले की. मघाच."

मी बाहेर पळाले. पायऱ्यांशी त्यांची स्कूटर उभी असायची, ती नव्हती. फोन लावला. वाजत राहिला.

आत आले तेव्हा हत्तुरेकाका बोलत होते. "मग काय झालं? अर्धा तास थांबू आणि पुन्हा बसू. तहकूब सभेला कोरम लागत नाही. नेहमी तसंच करतोय की आपण. अकरा जण आलेत कधी मासिक सभेला?"

देशमाने माझ्याकडं बघत नव्हते. ते टेबलावरच्या पेल्याकडं बघत होते.

"ती मासिक सभा, हत्तुरे. ही मागणीची आहे. मागणीची सभा तहकूब होत नाही. कोरम तुटला की रद्द होते. आणि तो विषय वर्षभर शाखेत घेता येत नाही."

"हा असला नियम केला कुणी?"

"खरवंडीकरांनीच. ऊठसूट मागण्या यायला लागल्या होत्या तेव्हा."

"अहो, पण मी आहे ना," मी म्हणाले. मला स्वतःचाच आवाज लहान मुलीसारखा वाटला. "मी अकरावी. माझा अर्ज सर कार्यकारिणीपुढं ठेवणारच आहेत. तो मंजूर करा आणि मोजा मला."

"कुठला अर्ज?" तांबोळी म्हणाले. ते कार्यकारिणीचेही सचिव होते.

देशमान्यांनी सभा रद्द झाल्याचं सांगितलं, आणि चहा गार होतोय म्हणाले.

म्हेत्रेबाईंनी मला दारात विचारलं, "झालं का ताई? कधी हलवायची?"

"सांगते," मी म्हणाले.

हत्तुरेकाका एसटीच्या वेळेला निघाले होते. पायऱ्यांवर थांबले. त्यांनी आत, भिंतीकडं बोट केलं.

"त्यांची टाकी ती. मुळावकरांची. नकाशा त्यांनी काढलेला, त्यांनीच बांधून घेतलेली. तुला ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"खरवंडीकर त्यांच्या हाताखाली वाढला. घरच्यासारखा. तुझ्या कागदावर त्याची सही बघितली तेव्हा मला वाटलं, गड्यानं मन मोठं केलं." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "आम्हा सगळ्यांना तसंच वाटलं, पोरी. म्हणून तर आलो."

सकाळी मी सरांच्या घरी गेले. ते ओसरीवर बसले होते, समोर टीपॉयवर थिओडोलाइटची पेटी उघडी. कापडानं भिंगं पुसत होते.

"ये. बस," ते म्हणाले. "चहा घेशील?"

"काल घेतला."

त्यांनी मान खाली घातली आणि भिंग पुसत राहिले.

"विसरलात, की घाबरलात?" मी विचारलं. रात्रभर मी हे दोनच पर्याय धरले होते, आणि दोन्ही मला चालले असते.

"दोन्ही नाही."

"मग?"

"मुळावकर सरांच्या फोटोखाली त्यांच्या टाकीविरुद्ध ठराव झाला असता. शाखेच्या शिक्क्यानं. दुसऱ्या दिवशी पेपरात. त्यांच्या पत्नी अजून आहेत, शहाऐंशी वर्षांच्या. पेपर वाचतात."

"ठराव टाकीविरुद्ध नव्हता. ओल्या मातीबद्दल होता. त्यात मुळावकरांचं नावसुद्धा नव्हतं."

"नाव यायला किती वेळ लागतो?"

"मग मला मासिक सभेत का नाही मांडू दिलंत? तिथं आपटले असते, तर आपटले असते."

सरांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळलेपणही नव्हतं. एखाद्या विद्यार्थ्याला गणित समजावताना असायचा तसा चेहरा होता.

"आपटली नसतीस. तू चांगलं मांडतेस. मासिक सभेत ते पास झालं असतं."

रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली.

"म्हणजे सही केलीत तेव्हाच ठरलं होतं," मी म्हणाले. "सही त्यासाठीच केलीत. मी तीन जिल्हे फिरत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"वर्ष मिळालं, केतकी. वर्षात मी खांबाजवळचा तो गळका पाइप बदलून घेतो. ओळखीनं, गाजावाजा न करता. नव्या बजेटमध्ये. टाकी पडत नाही. मी हिशोब केलाय. सरांच्या कामात एवढी ताकद ठेवलेली असते."

"कुठल्या आकड्यावरून केलात हिशोब?"

"तुझ्याच."

"मला मोजायलाच का लावलंत मग? पहिल्या दिवशीच नको म्हणायचं होतं."

त्यांनी उजवा हात पुढं केला आणि टीपॉयवर उघडा ठेवला. बोटं हलत होती, वाऱ्यावर हलावीत तशी, आपोआप.

"माझ्यानं स्क्रू जुळत नाही. चार वर्षं झाली. मला आकडा हवा होता. सरांच्या टाकीला काही होतंय का, ते मला कळायला हवं होतं." त्यांनी हात मांडीवर घेतला. "शाखेला कळायची गरज नव्हती."

मी पेटीचं झाकण लावलं. कड्या बसवल्या.

"तुझा अर्ज कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत घालतोय," ते म्हणाले. "मंजूर होईल. मे महिन्यापासून तू मोजणीत."

"थिओडोलाइट नेते मी."

"ने," सर म्हणाले. "तिकाटणं कोपऱ्यात आहे. डावा पाय जरा सैल झालाय, घट्ट करून घे."

मी रिक्षा करून वसाहतीत गेले तेव्हा बालवाडी भरली होती. मुलं टाकीच्या सावलीत, सतरंजीवर, पाय पसरून. म्हेत्रेबाई त्यांना चिंचोके मोजायला देत होत्या.

"आलं का पत्र?" त्यांनी विचारलं.

"नाही. येणार नाही. वर्षभर तरी."

"मग हलवायचं नाही?"

"हलवायचं. आजच. समाजमंदिराचा ओटा आहे ना दक्षिणेला, तिथं बसवा."

"तिथं ऊन असतं ताई, सकाळचं. मुकादम आला आणि विचारलं, कुणाच्या हुकमानं, तर काय सांगू? ते काल सगळे मोठे इंजिनिअर होते, ते काय म्हणाले?"

"ते काही म्हणाले नाहीत. मी म्हणतेय. माझं नाव सांगा."

म्हेत्रेबाईंनी वर टाकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. चिंचोके पदरात गोळा केले.

"उठा रे," त्या मुलांना म्हणाल्या. "सतरंजीचं एकेक टोक धरा. ए, ओढू नको, फाटंल."

सतरंजी, पाण्याची कळशी, फळा आणि पंचवीस मुलं दक्षिणेच्या ओट्यावर गेली. एकाची चप्पल राहिली होती, ती घ्यायला बाई परत आल्या. मी त्यांना थांबवलं. तिकाटण्याचा डावा पाय घट्ट केला, थिओडोलाइट बसवला, बुडबुडा मधोमध आणला. बाईंना खांबाच्या तळाशी स्टीलची पट्टी आडवी धरायला सांगितली.

"अशी?"

"थोडी खाली. बास. हलवू नका."

"हलत नाही. बघा तुम्ही निवांत."

वरची कड तारेवर धरली. स्क्रू फिरवला. दुर्बीण खाली आणली. वाचलं, नोंदवलं नाही, पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून केलं, आणि पुन्हा वाचलं. दोन्ही वेळेला तेच आलं.

उत्तरेकडं बाहत्तर मिलिमीटर.